चाळकेवाडीचा वारा, गोडोलीची गच्ची: साताऱ्यातल्या एका घराच्या सौर यंत्रणेचं प्रकरण

घर दुमजली. साताऱ्याच्या गोडोली, शाहूपुरी भागात अशी घरं ओळीने दिसतात. गच्ची ९ मीटर बाय ८ मीटर, भोवती तीन फुटी कठडा, उत्तरेला जिन्याची खोली, नैऋत्य कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर हजार लिटरची काळी टाकी. वापर महिन्याला सरासरी ३५० युनिट, एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ४५० च्या पुढे. घरमालकाच्या दोन मागण्या आहेत: ३ किलोवॅटची सौर यंत्रणा आणि तिच्या जोडीला १ किलोवॅटची छोटी पवनचक्की. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा वारा असतो, आणि जवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात तर आपल्या गच्चीवर एक का नको, हा त्यांचा युक्तिवाद. हे घर एका ठरावीक पत्त्यावरचं नाही. त्या भागातल्या नेहमीच्या घराची मापं घेऊन पुढचा सगळा हिशेब मांडला आहे.

पवनचक्कीचा प्रश्न आधी निकाली काढू, कारण तिच्यासाठी राखलेले पैसे नंतर दुसरीकडे लागणार आहेत.

वाऱ्यातून मिळणारी शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पाती फिरताना व्यापतात ते क्षेत्र आणि वाऱ्याच्या वेगाचा घन. हा घन विसरला की सगळं चुकतं. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. बाजारात ‘१ किलोवॅट’ म्हणून मिळणाऱ्या चक्कीच्या पात्यांचा व्यास साधारण २ मीटर असतो, म्हणजे क्षेत्र ३.१४ चौरस मीटर. तिच्यावर लिहिलेला १ किलोवॅट हा बहुधा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याचा असतो. तेवढा वारा गच्चीवर सुटला तर वाळत घातलेले कपडे शेजारच्या गल्लीत सापडतील. सेकंदाला ४ मीटरची छान झुळूक असताना तीच चक्की २५ ते ३० वॅट देते. त्यावर कमी विजेवर चालणारा एखादा बीएलडीसी पंखा जेमतेम चालेल.

आता घरमालकाच्या बाजूने, हात सैल सोडून हिशेब करू. साताऱ्याची उंची सुमारे ७०० मीटर, त्यामुळे हवेची घनता घनमीटरला १.०९ किलो धरली. जून ते सप्टेंबर गच्चीवर सरासरी वेग ४.५ मीटर, उरलेले आठ महिने २ मीटर. वेग सतत कमी-जास्त होत असतो, म्हणून नुसत्या सरासरीचा घन कमी पडतो. तो नेहमीच्या पद्धतीने १.९ पट केला. सिद्धान्ताने वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती काढताच येत नाही. गच्चीवरच्या लहान चक्कीला पावसाळ्यात २० टक्के दिले तरी पुष्कळ झाले, आणि मंद वाऱ्यात १५. उत्तर येतं पावसाळ्यात दिवसाला सुमारे १.४ युनिट, एरवी दिवसाला ०.१. वर्षाला जेमतेम २०० युनिट. ५४० वॅटचं एकच सौर पॅनल याच गच्चीवर वर्षाला सुमारे ७५० युनिट देतं, आणि त्यात फिरणारा एकही भाग नाही.

प्रत्यक्षात हे २०० सुद्धा मिळत नाहीत. चाळकेवाडीचं पठार शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा सह्याद्रीची चढण चढून उघड्या सड्यावर येतो, तिथे ना झाड ना घर. सातारा शहर यवतेश्वरच्या डोंगराच्या पूर्वेला, म्हणजे नेमकं आडोशाला आहे. तिथून उतरणारा वारा घरं, नारळ, टाक्या, जिन्याच्या खोल्या यांच्यावर आपटत येतो आणि भोवरे घेतो. अडथळ्याच्या मागे त्याच्या दुप्पट उंचीपर्यंत आणि वीसपट अंतरापर्यंत वारा असा विस्कटलेला असतो. म्हणून जुना नियम असा: पात्याचं सगळ्यात खालचं टोक १५० मीटरच्या परिघातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ९ मीटर वर हवं. शेजारी १२ मीटरचा नारळ असेल तर खांब जमिनीपासून २२ मीटर. गच्चीवर २ मीटरच्या पाइपवर बसवलेली चक्की या नियमाच्या जवळपासही जात नाही. ती सतत दिशा बदलत राहते, बेअरिंग खाते आणि तिची थरथर स्लॅबमधून झोपायच्या खोलीत उतरते. ब्रिटनमध्ये वॉरविक विंड ट्रायल्स या नावाने इमारतींवरच्या २६ छोट्या चक्क्या मोजल्या गेल्या. २००९ च्या अहवालात त्यांचं उत्पादन क्षमतेच्या सरासरी ०.८५ टक्के निघालं. बंद असलेला काळ वगळला तरी ४.१५ टक्के. तो देश वाऱ्यासाठी आपल्यापेक्षा किती उजवा आहे हे लक्षात घेतलं तर आणखी काही सांगायला नको.

तरीही पावसाळ्यातली तूट उरतेच. ती किती, ते पाहू. ५४० वॅटची ६ पॅनलं म्हणजे ३.२४ किलोवॅट. या भागात एका किलोवॅटला वर्षाला सुमारे १४०० युनिट धरतात, पण महिन्यामहिन्यात मोठा फरक असतो. एप्रिलमध्ये या ६ पॅनलांतून साधारण ४६५ युनिट, जुलैमध्ये २४०, ऑगस्टमध्ये २५०, डिसेंबरमध्ये ४००. समोर वापर ठेवला (जूनमध्ये ३४०, जुलै-ऑगस्टमध्ये ३०० च्या आसपास) तर जून ते ऑगस्ट मिळून तूट येते सुमारे १२५ युनिटांची. युनिटला १५ रुपये धरले तरी दोन हजारांच्या आत. एवढ्यासाठी खांब, वेगळा कंट्रोलर, जादा वीज जाळायचा डम्प लोड आणि वादळात चक्की रोखायचा ब्रेक असा पसारा उभा करायचा नाही. चक्कीची वीज येते तशी थेट सौर इन्व्हर्टरला (पॅनलांची डीसी वीज घरात लागणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राला) जोडताही येत नाही. शिवाय पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान फक्त छतावरच्या सौर यंत्रणेला आहे, चक्कीला नाही. निर्णय: चक्की नको.

या हिशेबात एक गोष्ट बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. नेट मीटरिंगमध्ये (वीज कंपनीला दिलेली युनिटं घेतलेल्यांतून वजा करण्याच्या पद्धतीत) जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण ३१ मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्यांना घरगुती दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च ऊन भरपूर आणि वापर कमी. या घरात मार्चअखेर ५०० च्या वर युनिटं साठतात आणि एप्रिलमध्ये एसी सुरू व्हायच्या तोंडावर ती हातची जातात. म्हणून ‘गच्ची मोठी आहे, ५ किलोवॅट लावून टाका’ हा सल्ला ऐकू नये. आजच्या वापराला ५ पॅनलंही जवळपास पुरतात. सहावं घ्यायचं ते लवकरच विजेवरची स्कूटर येणार आहे म्हणून. महिन्याला हजार किलोमीटर फिरली तर ती ३० युनिटं खाते.

अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,०००. त्यासाठी पॅनलं भारतात बनलेल्या सेलचीच हवीत. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (याच देशी सेलच्या अटीचं नाव) हा शब्द आणि पॅनलच्या कंपनीचं नाव दोन्ही लिहून घ्यावं. नुसतं ‘भारतीय बनावटीचं पॅनल’ म्हटलेलं चालत नाही, कारण बाहेरचे सेल आणून इथे जुळवलेलं पॅनलही त्या शब्दांत बसतं.

टाकी नैऋत्येलाच का असते

वास्तूच्या नियमाने वरची टाकी नैऋत्येला बसवतात. सौर पॅनलं दक्षिणेकडे तोंड करून असतात. म्हणजे महाराष्ट्रातल्या बऱ्याच गच्च्यांवर दुपारनंतर टाकीची सावली पॅनलावर यायची सोय बांधतानाच झालेली असते. या गच्चीवर टाकीचा माथा स्लॅबपासून २.७ मीटरवर आहे. २१ डिसेंबरला दुपारी साडेतीनच्या सुमारास साताऱ्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो. पॅनलाची खालची कड ०.६ मीटरवर ठेवली तर टाकी तिच्यापेक्षा २.१ मीटर वर राहते आणि सावली ईशान्येकडे ३.६ ते ३.७ मीटर पडते. ८ मीटरच्या गच्चीवर ही सावली चुकवणं अवघड.

‘एका पॅनलाच्या कोपऱ्यावरच तर सावली आहे’ असं म्हणून सोडून देऊ नये. पॅनलातले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, साखळीतला एक अडला की प्रवाह अडतो. बायपास डायोड त्या पॅनलाचा साधारण तिसरा हिस्सा बाजूला काढतात आणि बाकीची साखळी चालू राहते. सावली हातभर आणि नुकसान पॅनलाच्या तिसऱ्या हिश्श्याचं. वर तो डायोड रोज तापतो. वर्षानुवर्षं तापून तो जळाला की मग ते सेल स्वतःच तापायला लागतात.

उपाय दोन. टाकी उतरवायची किंवा पॅनलं चढवायची. टाकी उतरवली तर वरच्या मजल्याच्या शॉवरला दाब राहत नाही, म्हणून पॅनलं चढवली. समोरचे पाय २.४ मीटर, मागचे ३.६ मीटर, तीन-तीन पॅनलांच्या दोन ओळी, कोन १५ अंश. साताऱ्याचा अक्षांश १७.७, पण दोन-तीन अंशांनी उत्पादनात फारसा फरक पडत नाही आणि वारा मात्र कमी धरला जातो. आता टाकी पॅनलाच्या कडेपेक्षा फक्त ०.३ मीटर वर राहते, सावली अर्ध्या मीटरवर येते. खाली पापड-कुरडया वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला गच्ची मोकळी राहते, वर स्लॅबही तापत नाही. उत्तरेच्या जिन्याच्या खोलीची काळजी करायचं कारण नाही. सूर्य उत्तरेला जातो तो साधारण १० मे ते ३ ऑगस्ट, आणि तेव्हा दुपारी तो जवळपास डोक्यावर असतो.

उचल

पॅनलं वर चढवली की वारा मध्ये येतो. वीज देणारा नाही, उपटून नेणारा. चक्कीचे वाचलेले पैसे इथे घालायचे.

पुणे भागासाठी भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३) वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. तोच इथे घेतला. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला ९३ किलो. एक पॅनल २.२८ बाय १.१३ मीटरचं, सहा मिळून १५.५ चौरस मीटर. उचलीचा (वाऱ्याने वर ओढण्याचा) गुणांक नुसता १ धरला तरी वरच्या दिशेने १४०० किलोच्या वर ओढ येते. पॅनलांचं स्वतःचं वजन सहा गुणिले २८, म्हणजे १६८ किलो. नेहमीचे फूटभर सिमेंटचे ठोकळे प्रत्येकी ६५ किलोचे, सहा पायांना मिळून ३९० किलो. सांगाड्याचं लोखंड धरलं तरी गणित जुळत नाही. ठोकळ्यांवर ठेवलेला उंच सांगाडा मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळीत शेजारच्या घरावर जातो तो यामुळेच.

म्हणून सांगाडा स्लॅबला बांधावाच लागतो, आणि इथे दुसरी चूक होते. आपल्या गच्चीवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चार ते सहा इंच जाडीचा. कारागीर चार इंची बोल्ट ठोकतो, तो घट्ट बसतो, सगळे खूश. पण तो बसलाय कोब्यात! स्लॅबला त्याने स्पर्शही केलेला नाही. पहिल्या मोठ्या वाऱ्यात कोब्याचा ढेकूळ बोल्टासकट वर येतो आणि त्या भगदाडातून पाणी खालच्या खोलीत.

बरोबर क्रम असा. घराचा नकाशा काढून कॉलम आणि बीम कुठे आहेत ते गच्चीवर खडूने आखायचं. सांगाड्याचे पाय शक्य तितके त्यांच्यावरच घ्यायचे, कारण पाच इंची स्लॅबमध्ये ११० मिलिमीटर खोल भोक पाडलं तर खाली फार काही उरत नाही. त्या जागी फूट बाय फूट कोबा फोडून खरी स्लॅब उघडी करायची. १२ मिलिमीटरचे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवायचे बोल्ट), प्रत्येक पायाला चार. भोक पाडल्यावर ब्रश आणि फुंकणीने धूळ पूर्ण काढायची. भोकात धूळ राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. डब्यावर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय नट आवळायचा नाही. मग बेसप्लेटवर काँक्रीटचा ठोकळा ओतायचा, त्याच्या कडांना सिमेंटची उतरती गोलाई (वाटा) करून पुन्हा वॉटरप्रूफिंग. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेला, थर ८० मायक्रॉन. जागेवर वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि दोन पावसाळ्यांत गंज धरतो, म्हणून सगळे जोड बोल्टचे. तिरके टेके दोन्ही दिशांना. नटबोल्ट आणि क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे.

वायर

सहाही पॅनलं एकाच साखळीत. प्रत्येकाचा मोकळा (काही जोडलेलं नसतानाचा) व्होल्टेज ४९.५, म्हणजे ताराटोकांना २९७ व्होल्ट. थंडीत सकाळी १० अंशांवर तो ३१० पर्यंत चढतो, एप्रिलमध्ये पॅनल ६५ अंशांवर गेलं की चालू व्होल्टेज २१५ च्या आसपास उतरतो. ८० ते ५५० व्होल्टची एमपीपीटी मर्यादा (पॅनलांतून जास्तीत जास्त वीज काढता येते ती व्होल्टेजची कक्षा) असलेल्या इन्व्हर्टरला हे सहज चालतं. तपासायचं ते दुसरंच: आजची ५४० वॅटची पॅनलं १३ अँपिअर देतात आणि बरेच जुने ३ किलोवॅटचे इन्व्हर्टर ११ किंवा १२.५ अँपिअरच घेतात. उरलेला प्रवाह वाया जातो, आणि तोही नेमका भर उन्हात.

डीसी वायर ४ चौरस मिमी, कलई केलेल्या तांब्याची, सौर कामासाठीच बनलेली. वरून खाली २५ मीटर अंतर धरलं तरी तूट सव्वा-दीड टक्क्यापलीकडे जात नाही. घरगुती वायरिंगची वायर उन्हात तीन-चार वर्षांत तडकते. पॅनलांच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरच्या बाबतीत तडजोड नको. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या हव्यात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एकमेकांत बसतात, टिक् असा आवाजही येतो, पण आतला संपर्क अर्धवट राहतो, तापतो आणि वितळतो. छतावरच्या सौर यंत्रणांना आगी लागण्याचं हे मोठं कारण आहे. टर्मिनल पक्कडीने दाबायचं नाही, त्यासाठीचा क्रिम्पिंग टूलच वापरायचा. जोड सांगाड्याला बांधून वर उचललेले हवेत, पन्हळीत साचलेल्या पाण्यात पडलेले नकोत.

अर्थिंगचे खड्डे तीन, वेगवेगळे: एक सांगाडा आणि डीसी बाजूला, एक एसी बाजूला, एक फक्त वीजरोधकाला (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याला). प्रत्येकाचा रोध ५ ओहमच्या आत मोजून दाखवायला सांगायचं. साताऱ्यात मीटरभर खाली बऱ्याच ठिकाणी कातळ लागतो. मग सळई अर्धी कापून पुरण्याऐवजी चर खणून पट्टी आडवी टाकावी. वीजरोधकाचा दांडा पॅनलांच्या उत्तरेला, म्हणजे त्याची सावली पडत नाही, आणि त्याची पट्टी डीसी वायरींपासून दूर, वेगळ्या भिंतीवरून उतरवायची.

एसी बाजूला प्रवाह १३-१४ अँपिअरच असतो आणि ४ चौरस मिमीची वायर त्याला पुरते, तरी ६ ची घ्यावी. कारण असं: इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची असते, म्हणून त्याचा व्होल्टेज लाइनपेक्षा वर जातो. घर डीपीच्या जवळ असेल तर दुपारी लाइनच २४८-२५० असते. वायर बारीक असली की तिच्यात दोन-तीन व्होल्ट आणखी चढतात आणि २५३ ओलांडलं की इन्व्हर्टर नियमानुसार बंद होतो. घरमालकाला दिसतं ते एवढंच: सकाळी चालू, अकरा ते दोन बंद-चालू, बंद-चालू. काही कारागीर इन्व्हर्टरमधली मर्यादाच गुपचूप वाढवून देतात. तसं करू देऊ नये, घरातली बाकीची उपकरणं तोच व्होल्टेज सोसत असतात. तीन-चार दिवस दुपारचे आकडे लिहून वितरण कार्यालयात डीपीचा टॅप बदलण्याचा अर्ज द्यावा.

लाइट गेली की ही यंत्रणाही बंद पडते, भर उन्हात सुद्धा. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तो नियम आहे. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी, आणि हे मीटरचा अर्ज करण्याआधी ठरवायचं.

जुलैमधली सकाळ

अशा घरांतून नेहमी येणारी एक तक्रार पावसाळ्यातली आहे. सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन फॉल्ट’ दाखवून सुरू होत नाही, दहा वाजता ऊन पडून सगळं सुकलं की आपोआप चालू होतो. म्हणून लोक दुर्लक्ष करतात. अर्थ असा की कुठेतरी वायर सोलली आहे किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे आणि सांगाड्यात प्रवाह गळतो आहे.

शोधायची रीत सोपी आहे, पण २९७ व्होल्ट डीसी असल्यामुळे ती वायरमननेच करावी. आधी एसीचा एमसीबी पाडायचा, मग डीसी आयसोलेटर (पॅनलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच). क्रम उलटा नको, आणि चालू प्रवाहात कनेक्टर कधीच ओढायचा नाही, डीसीचा जाळ विझत नाही. मग साखळी इन्व्हर्टरपासून सोडवून, दोष दिसत असतानाच, दोन्ही टोकं अर्थशी मोजायची. निर्दोष साखळीत दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. दोष असेल तर ते टिकून राहतात आणि त्यांची बेरीज साखळीच्या व्होल्टेजइतकी येते. समजा धन टोक ९९ आणि ऋण टोक १९८ दाखवतं. एका पॅनलाचे ४९.५, म्हणजे धन टोकापासून दोन पॅनलं सोडून, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या जोडाशी जायचं. तिथे बहुतेकदा क्लॅम्पखाली चेपलेली वायर किंवा नीट न आवळलेला कनेक्टर सापडतो. नवा क्रिम्प, नवी जोडी, आणि पुन्हा मोजून मगच आयसोलेटर चालू.

हे जोड उंच सांगाड्यावर साडेतीन मीटरपर्यंत असतात, म्हणून दोन ओळींच्या मध्ये हात पोचेल अशी फूटभर रुंदीची जाळीची फळी सुरुवातीलाच बसवून घ्यावी. तीच फळी फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी धूळ धुवायला लागते. धुवायचं ते सकाळी सातच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही, आणि बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर वायपरने लगेच ओढून घ्यायचं.